षटकोनाचे माप बाजूवर धरतात, रुंदीवर नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत षटकोनी तुकड्यांच्या इंग्लिश गोधडीवर लेख आला. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून टाचायचे आणि असे षटकोन हाताने एकमेकांना जोडत जायचे, हे काम मराठी वर्तमानपत्रात आले याचा मला फार आनंद झाला. मी सांगलीत ब्लाउज शिवते. माझ्या दुकानातल्या काही गिऱ्हाइकांनी लेखाचे कात्रण आणून दाखवले आणि उरलेल्या चिंध्या मागून नेल्या. पण लेखातले माप चुकले आहे. त्या मापाने लोकांनी कापड कापले तर ते वाया जाईल, म्हणून लगोलग हे पत्र लिहिते आहे.

लेखात म्हटले आहे की एक इंची षटकोन म्हणजे एक इंच रुंदीचा षटकोन, आणि त्याच्यासाठी दोन इंची चौकोनी तुकडे कापून ठेवावेत. या कामात षटकोनाचे माप रुंदीवर धरत नाहीत, बाजूवर धरतात. एक इंची षटकोनाच्या सहाही बाजू एकेक इंचाच्या. मग समोरासमोरच्या टोकांमधले अंतर बरोबर दोन इंच भरते आणि समोरासमोरच्या बाजूंमधले १.७३ इंच, म्हणजे पावणेदोनला केसभर कमी. तयार कापलेले कागद विकत मिळतात, परदेशी नमुने येतात, ते सगळे याच हिशेबाने असतात. अशा कागदाखाली दोन इंची कापड ठेवून पाहावे. दोन टोके थेट कापडाच्या कडेला जाऊन टेकतात आणि बाजूंना जेमतेम सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कापड उरते. त्यात दुमडायचे काय?

ज्यांनी कागदही घरीच, एक इंच रुंदीचे कापले असतील, त्यांचे षटकोन जुळतील, कापडही पुरेल. पण त्यांनी नकळत तिप्पट काम अंगावर घेतले आहे. एक इंच बाजूच्या षटकोनाचे क्षेत्रफळ एक इंच रुंदीच्या षटकोनाच्या बरोबर तिप्पट असते, शाळेतल्या भूमितीनेच हे ताडून पाहता येते. एका पलंगाची पाच फूट बाय साडेसात फुटांची गोधडी धरली तर बाजूच्या मापाने सुमारे २,०८० षटकोन लागतात. रुंदीच्या मापाने ६,२०० च्या वर. पहिल्यांदाच सुई हातात घेतलेली मुलगी सहा हजारांच्या वाटेला लागली तर ती हे काम माळ्यावर टाकणार, आणि पुन्हा कधी हात लावणार नाही. मला ते व्हायला नको आहे.

हे काम मी शिकले ते इंग्लंडमध्ये. माझी लेक तेव्हा यॉर्कला राहायची. तिच्या बाळंतपणासाठी मी गेले होते. त्या गावात सेंट अँथनीज हॉल नावाची जुनी इमारत आहे, तिथे ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डचे, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या संस्थेचे, गोधड्यांचे संग्रहालय होते. २००८ साली ते उघडले आणि २०१५ मध्ये बंद झाले. लेकीच्या शेजारच्या एक वयस्क बाई मला तिथे घेऊन गेल्या, आणि घरी परतल्यावर त्यांनीच माझ्यासमोर कागद, कातरी आणि सुई ठेवली. आमच्या दोघींत बोलायला भाषा थोडकीच होती. टाका मात्र एकमेकींना लगेच कळला. त्यांनी पहिल्याच बैठकीत मला शिवू दिले नाही, फक्त कागद कापायला लावले. तेव्हा मला ते विचित्र वाटले, आता मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींनाही तेच करायला लावते.

कारण या कामात सगळा भार कागदावर असतो. षटकोनाच्या दोन बाजू कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवल्या, तरी उरलेल्या चार बाजू तिरप्या जातात. तिरपे कापड ओढले की वाढते. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. कागद नसता तर प्रत्येक तुकडा थोडा थोडा ताणला गेला असता आणि दहा फुले (एक षटकोन मध्ये, सहा भोवती, असे एक फूल) होईपर्यंत सगळी गोधडी पोक आल्यासारखी फुगली असती. शिवाय षटकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीन तुकडे भेटतात. तिथे शिलाईला सारखे वळण घ्यावे लागते, मशिनवर ते कटकटीचे होते. कागदावर ताणलेल्या कडा हातात धरून वरून बारीक तिरके टाके घालत गेले की तो कोपरा आपोआप बंद होतो. पण कागद नीट असेल तरच.

म्हणून कागद कसा कापावा ते जरा सविस्तर लिहिते. लेखात त्याला एकच ओळ मिळाली आहे.

मूळ साचा एकच असावा आणि तो झिजणारा नसावा. मी जुन्या एक्स-रे फिल्मचा करते. कंपासमध्ये एक इंच घेऊन वर्तुळ काढायचे, आणि तेच अंतर कायम ठेवून परिघावर खुणा करत जायचे. बरोबर सहा खुणा होतात आणि सातवी पहिलीवर येऊन बसते. खुणा जोडल्या की षटकोन तयार. कोनमापकाची गरज नाही. पुढचे सगळे कागद याच साच्यावरून आखायचे. आधी कापलेल्या कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे करू नये. पेन्सिलीची जाडी दर वेळी बाहेरच्या बाजूने वाढत जाते आणि विसावा षटकोन पहिल्यापेक्षा डोळ्यांना दिसेल इतका मोठा होतो. पेन्सिल टोकदार हवी, आणि कापताना रेघ कापून टाकायची, कागदावर ठेवायची नाही.

कागद कुठला? झेरॉक्सचा साधा कागद फार पातळ, त्यावर कापड ताणले की कड मुडपते. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फार जाड, त्याच्या कडेवर कापडाची घडी गोल बसते, धारदार बसत नाही. मधला हवा. शाळेच्या चित्रकलेचा कार्ट्रिज कागद उत्तम. जुनी पोस्टकार्डे उत्तम. आणि आपल्याकडे ज्याला तोटा नाही ते म्हणजे लग्नपत्रिका. जाड, उठावाची नक्षी असलेली पत्रिका घेऊ नये, साधी एकपदरी घ्यावी. कोपऱ्यांना हळदी-कुंकू लावलेले असते तेवढा भाग आधी कापून टाकावा, त्याचा डाग कापडावर उतरतो. सोनेरी छपाईवर इस्त्री फिरली तर तीही कापडाला लागू शकते, म्हणून ती बाजू सोडावी. गणपतीचे चित्र आणि कुलदेवतेचे नाव मी कापत नाही, तेवढे वेगळे काढून ठेवते. बाकीच्या पत्रिकेतून वधू-वरांची, मामा-काकांची अर्धी अर्धी नावे घेऊन षटकोन निघतात.

एका ए-फोर आकाराच्या कागदातून नीट मांडणी केली तर एक इंची तीस षटकोन निघतात. दोन हजार षटकोनांची गोधडी म्हणून दोन हजार कागद लागतील असे समजून कुणी घाबरू नये. ज्या षटकोनाच्या सहाही बाजू शेजाऱ्यांना जोडल्या गेल्या त्याचा कागद काढून घ्यायचा आणि तो पुढच्या तुकड्याला वापरायचा. कडेच्या ओळीचे कागद तेवढे शेवटपर्यंत आत ठेवायचे. दहा-बारा ताव कापले की गोधडीभर पुरतात. कागदाच्या मधोमध ऑफिसातल्या पंचिंग मशिनने एक भोक पाडून ठेवले तर सुईचे टोक घालून कागद अलगद निघतो.

हल्ली मुली नमुना संगणकावरून छापून आणतात. त्यात काही वाईट नाही, पण दुकानदाराला आधीच सांगावे की छपाई शंभर टक्के मापाने हवी. अमेरिकेतला कागद आपल्या ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि बराच आखूड असतो. तिकडचा नमुना इथे 'पानात बसवून' छापला की इंच इंच राहत नाही. घरी तसे छापलेले आणि विकत आणलेले असे दोन्ही कागद एकाच फुलात आले, तर सहावी पाकळी पहिलीला कधीच भेटत नाही. छापून आणल्याबरोबर पट्टी लावून एक बाजू मोजावी. आणि शिवण्याआधी सात कागद टेबलावर मांडून पाहावेत, एक मध्ये, सहा भोवती. कुठे फट राहिली, कुठे एकावर एक चढला, ते तिथेच दिसते.

कागदाची कातरी वेगळी, कापडाची वेगळी. हे आमच्या धंद्यात पोराटोरांनाही माहीत असते, तरी लिहिते, कारण लेखातल्या छायाचित्रात एकाच कातरीने दोन्ही कापलेले दिसते. कागद कापून बोथट झालेली कातरी कापड कापत नाही, चावते.

आता कापड. अडीच इंचाचा चौकोन घ्यावा. त्यावर एक इंची कागद मधोमध ठेवला की टोकांच्या बाहेर पाव इंच म्हणजे दोन सूत राहते आणि दोन बाजूंना साधारण तीन सूत. एवढे कापड घडीला पुरते आणि घडी सुटत नाही. चौकोनाचे चार कोपरे मात्र छाटावेत, नाहीतर मागच्या बाजूला कापडाचे गठ्ठे होतात आणि पुढे अस्तराला धरून धावदोरा घालताना सुई अडते. ज्यांच्याकडे फिरत्या पात्याची कटर, चटई आणि साठ अंशांची रेघ असलेली पट्टी आहे, त्यांनी सव्वादोन इंच रुंद पट्ट्या कापून त्यावर साठ अंशांचे छेद द्यावेत, कापड कमी लागते. पण त्या साधनांवाचून अडत नाही. मी अजून कातरीनेच कापते, सुती कापडाचे चार थर एकदम.

चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंचाच्या एका पट्टीत सतरा चौकोन निघतात. दोन हजार ऐंशी षटकोनांना सुमारे आठ मीटर कापड जाते. यातले निम्म्याहून जास्त कापड घडीत आणि छाटणीत जाते, वर दिसतच नाही. नवे कापड आणून ही गोधडी करणे म्हणूनच मला पटत नाही. हे काम चिंध्यांचे आहे. ब्लाउजचा मागचा खोल गळा कापला की जो तुकडा निघतो त्यात दोन, कधी तीन षटकोन बसतात. मुंढ्याच्या तुकड्यात एखादा. आम्ही शिंपी लोक हे तुकडे पोत्यात भरून ठेवतो आणि शेवटी गादीवाल्याला देतो. आपापल्या शिंप्याकडे विचारावे, कुणी नाही म्हणणार नाही.

टू बाय टू रुबिया हे ब्लाउजचे कापड या कामाला फार चांगले. पातळ, घडी धरणारे, आणि त्यात जेवढे रंग मिळतात तेवढे दुसऱ्या कशात मिळत नाहीत. कॅम्ब्रिक, पोपलीन चालते. जॉर्जेट आणि नायलॉन घेऊ नये, घडी टिकतच नाही. खणाचे काठ जड असतात, पण खणाचे अंग बारीक नक्षीचे असते आणि षटकोनात ते अगदी खुलते. एखादी बुट्टी किंवा फूल नेमके मध्ये आणायचे असेल तर एक्स-रे फिल्मचा साचा उपयोगी पडतो, त्यातून खालचे दिसते. लाल, मरून, गडद निळे कापड आधी भिजवून पाहावे. पांढऱ्या शेजाऱ्यावर रंग उतरला तर तो तुकडा बदलायला सहा बाजू उसवाव्या लागतात.

टाचण्याबद्दल दोनच गोष्टी. कच्चा टाका कोपऱ्यातल्या घडीवरच घ्यावा, कागदातून घेऊ नये. म्हणजे कागद काढताना दोरा उसवत बसावे लागत नाही. आणि जोडतानाही सुई कापडाचे दोन-तीन धागेच उचलेल, कागदाला टोचणार नाही, असे पाहावे. इंचाला पंधरा-वीस टाके पडले तर शिवण वर्षानुवर्षे टिकते. कागद काढण्याआधी एकदा इस्त्री फिरवावी.

लेखातले आणखी एक विधान मला दुरुस्त करावेसे वाटते. त्यात लिहिले आहे की ही कला १९३० च्या मंदीत अमेरिकेत जन्मली. त्या मंदीत षटकोनी फुलांच्या गोधड्या अमेरिकेत घरोघरी झाल्या हे खरे आहे. पण फिलाडेल्फियाच्या एका स्त्रियांच्या मासिकाने षटकोनी तुकड्यांचा नमुना १८३५ मध्येच छापला होता. आणि पद्धत त्याच्याही आधीची, ब्रिटनमधली. यॉर्कच्या ज्या संग्रहालयाबद्दल मी वर लिहिले, त्या गिल्डच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण आहे. त्यावर १७१८ हे साल आणि ई. एच. ही आद्याक्षरे शिवलेली आहेत. कागदावर कापड ताणून जोडण्याच्या याच रीतीने ते केलेले आहे. १७१८ म्हणजे आपल्याकडे साताऱ्यात शाहू महाराज गादीवर होते. ई. एच. कोण, ते मला ठाऊक नाही, पण तिच्या आधीही हे काम कुणीतरी करत असणार, कारण इतका सफाईदार हात पहिल्याच पिढीत बसत नाही असे मला माझ्या अनुभवाने वाटते.

त्या काळी कागद महाग. म्हणून जुनी पत्रे, हिशेबाच्या वह्या, मुलांचे कित्ते, वर्तमानपत्रे जे हाताशी येईल त्यातून हे षटकोन कापले जात. ज्या गोधड्या अर्धवट राहिल्या त्यांच्या पाठीमागे ते कागद तसेच अडकून राहिले आहेत, आणि आज तिकडचे अभ्यासक ते वाचून गोधडीचा काळ ठरवतात. कापडावर साल नसते, कागदावर असते. म्हणून कुणाच्या घरी, कुणाच्या आजीने मिशनच्या शाळेत शिकून अशी गोधडी सुरू करून सोडून दिली असेल, तर कृपा करून तिचे कागद ओढून काढू नका. आधी उलटी करून वाचा.

हे फक्त बायकांचे विरंगुळ्याचे काम आहे असाही लेखाचा सूर आहे, तो मला लागला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे १८५६ चे एक चित्र आहे, थॉमस वुड नावाच्या चित्रकाराचे. त्यात क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेला थॉमस वॉकर हा शिपाई इस्पितळाच्या पलंगावर बसून ठिगळांचे पांघरूण शिवतो आहे. ब्रिटिश पलटणींतले शिपाई आणि शिंपी गणवेशाच्या लोकरी कापडाची अशी पांघरुणे करत, हिंदुस्थानात असलेल्या पलटणींतही करत. माझे सासरे आयुष्यभर मशिनवर बसले, सुई-दोरा ही बायकांची मक्तेदारी आहे हे ऐकून त्यांना वाईटच वाटले असते.

आणि विरंगुळा? १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडल्यावर चांगीच्या तुरुंगात बायका-मुलेही कोंडली गेली. तिथे मुलींचा गर्ल गाइड्सचा एक गट होता, एलिझाबेथ एनिस या परिचारिका तो चालवत. मुलींनी त्यांच्या वाढदिवसासाठी, त्यांना कळू न देता, चिंध्यांच्या षटकोनांची फुले शिवायला घेतली आणि त्यावर टाक्यांनी आपली नावे लिहिली. कापड, दोरा, सुई, सगळ्याचाच दुष्काळ होता. ती गोधडी आज लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे. तुरुंगातल्या बायकांनी पुढे चौकोनी तुकड्यांवर भरतकाम करून आणखी गोधड्या केल्या, त्या इस्पितळात ठेवलेल्या पुरुषांपर्यंत पोचाव्यात आणि आपण जिवंत आहोत हे त्यांना कळावे म्हणून. लेखाला एवढे एक उदाहरण मिळाले असते तरी वाचकांना हे काम काय आहे ते समजले असते.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, पुढच्या रविवारी दुरुस्ती ठळकपणे छापावी: माप बाजूवर, कापड अडीच इंच. ज्यांनी दोन इंची चौकोन आधीच कापले आहेत त्यांनी ते फेकू नयेत. पाऊण इंच बाजूच्या कागदाला ते नेमके पुरतात, टोकांना पाव इंच कापड उरते. षटकोन लहान होतील आणि जास्त लागतील, म्हणून त्या तुकड्यांची पूर्ण गोधडी न करता उशीचा अभ्रा किंवा बाळाची दुपटी करावी.

दोन, षटकोनाची आकृती पुन्हा छापणार असाल तर ती खऱ्या मापाची छापा आणि शेजारी एक इंचाची सरळ रेघही छापा. छपाईत माप कमी-जास्त झाले तर वाचकाला पट्टी लावून ते लगेच कळेल. आणि खाली एवढे जरूर लिहा की हा कागद कापून तसाच वापरू नये, वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते. आकृती कार्ट्रिजवर उतरवून घ्यावी आणि मग कापावी.

आपली विश्वासू,
शिवणकाम करणारी एक वाचक, सांगली